पालथा पेला

"बावीस तास," झोपताना नाकाला लावायच्या श्वासाच्या मशीनच्या मागचा आकडा वाचून विश्वजीत म्हणाला. "तीन महिन्यांत बावीस तास, आबा! मिरजेच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? झोपेत श्वास अडकतो तुमचा. एखाद्या रात्री अडकला, तर सुटायचाच नाही."

सोप्यात बापलेकाचं चाललेलं आणि माजघरातल्या खाटेवर साळूबाई कान देऊन पडलेली. खुबा मोडल्यापासून कान देण्याखेरीज तिला काम तरी कुठलं उरलं होतं!

"टोचतंय रं त्ये," लालासाहेब म्हणाले.

"पट्टा सैल करून देतो."

"नाक सुकतंय."

"पलटणीत गॅसचा मुखवटा घालून तास तास पळायचो, असं सांगता की!"

"तवा त्याला वायर नव्हती," लालासाहेब हसले.

साळूबाईला हसू आलं नाही. खरं कारण नवरा-बायको दोघांनाच ठाऊक. मशीनचा प्लग सोप्यात, म्हणून लालासाहेबांचं अंथरूणही तिथंच. मुखवटा चढला की त्या घरघरीत तिची हाक त्यांच्यापर्यंत पोचत नसे. पहिल्याच आठवड्यात तिचं अंथरूण भिजलं. सकाळी लुगडं बदलून घेताना ती भिंतीकडं तोंड करून रडली, आणि मुखवटा खुंटीला गेला. आता रात्री ती दोनदा हाक मारी. दोनदा ते येत, तिला उचलून भांड्यावर बसवत.

"विसूला बोलू नगंस," त्यांनी बजावलेलं. "तुला पुण्याला घिऊन जाईल. मग मी हितं कुनाला उचलू?"

"आजपासून लावीन म्हणा," बाहेर विश्वजीतनं पिशवी उचलली. त्याला तीनची एसटी गाठायची होती.

"लावतो बाबा, लावतो."

ते 'लावतो' कसलं, हे साळूबाईला पंचेचाळीस वर्षांच्या संसारानं बरोबर कळलं.

दिवेलागणीला लालासाहेब एका हातात चहा अन् दुसऱ्या हातात तांब्या-पेला घेऊन आत आले.

"च्या नगं मला."

"का गं?"

"दुपारच्या म्होरं पानीबी नगं हितनं पुढं. तुमी आज त्ये नाकाला लावा."

"खुळी का काय तू!" त्यांनी पेला काठोकाठ भरला, तिच्या उशाशी ठेवला आणि बाहेर गेले.

साळूबाईनं कोपरावर भार देऊन पेला उचलला. पाणी परत तांब्यात ओतलं, थेंबही सांडू दिला नाही. पेला तांब्यावर पालथा घातला. मग सुकल्या ओठांवरनं जीभ फिरवत, सोप्यातली घरघर सुरू व्हायची वाट बघत पडून राहिली.