उदबत्तीचा धूर

जुन्या विमानाचं इंजिन तापल्यानं योगिनी काल नामपूरवरून कशीबशी नाशिकला परतली. आज ती शिकाऊ मुलीला घेऊन उडणार होती. मी सिलिंडरभोवतीच्या पत्र्यांची रबरपट्टी बदलली, म्हणजे हवा फटींतून न निसटता सिलिंडरवरूनच जाईल. समोर ब्लोअर लावून पट्टीच्या बाहेरच्या कडेनं उदबत्ती फिरवली. धूर हलला की तिथं फट, ही माझ्या जोडीदाराची, सोमाची पद्धत. तो दसऱ्याला वारला. धूर सगळीकडे सरळ होता. शेडची दारं बंद होती, मी ब्लोअरही थांबवला. तरी इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात धूर वाकला आणि कुणी फुंकर मारावी तशी उदबत्ती विझली. “तोंडानं विझवू नको म्हणून सोमाला कितीदा सांगितलं,” मी पुटपुटलो. शेजारी उभी योगिनी हसली नाही. मी तिथली पट्टी सोलली. खाली, जुन्या गोंदाच्या थराआड, पत्रा सिलिंडरपर्यंत चिरलेला होता; पट्टी बदलताना मला तो दिसलाच नव्हता. “सोमाकाका, अजून कुठं?” तिनं त्या कोपऱ्याकडे बघत विचारलं. मी दुसरी उदबत्ती पेटवली.