अठ्ठावीसचा टायर

"उतरा खाली! ही माझी सायकल आहे."

भर रस्त्यात तिने हँडलच धरलं, तसा तो चष्मेवाला गांगरून खाली उतरला. मागून हॉर्न वाजायला लागले. वाजू देत! सायकल चोरीला गेल्यापासून तीन आठवडे गावभर दिसेल ती सायकल न्याहाळून तिचे डोळे शिणले होते, आणि हा माणूस खुशाल तिच्या दादाच्या सायकलीवर शीळ घालत निघाला होता.

"बाई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. ही मी विकत घेतलीय."

"कोणाकडून?"

"जुन्या बाजारातून."

दादाची सायकल हिरवी होती, ही काळी. पण रंगाचं काय, कोणीही फासतो! ती तिथेच वाकून फ्रेमच्या पोटाखालचा नंबर शोधायला लागली. नंबराच्या जागी बोट फिरवलं तर सगळं गुळगुळीत.

"घासून काढलात ना?"

"गंजून गेला असेल. जुनी वस्तू आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादाला जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याची म्हणावी अशी एकच वस्तू तिच्याकडे उरली होती, ती ही रेसिंगची सायकल. शाळेत पीटी शिकवायला ती रोज तिच्यावरूनच जायची. तिचा वेग बघून पोरांनी तिचं नाव वादळबाई ठेवलं होतं. आता वादळबाई पायी यायची, आणि फाटकाशी पोरं काही न बोलता बाजूला व्हायची. ते तिला जास्त लागायचं.

"चला पोलिसांत," ती म्हणाली.

"चला की. नाहीतर असं करू, त्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनाच विचारू. जुन्या सायकलीतलं त्यांच्याइतकं कोणाला कळतं?"

ती जरा चमकली. चोर असता तर असं म्हणाला असता का? पण तिला तेच हवं होतं. नऊ वर्षं तिच्या सायकलीला मिस्त्रीकाकांखेरीज कोणाचा हात लागला नव्हता. साधं पंक्चरसुद्धा तेच काढायचे.

काकांनी हात पुसले आणि सायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"ताई, या बनावटीच्या पायलीला पन्नास मिळतील. नुसतं बघून काय सांगू? सगळ्या सारख्याच. मागे पंचवीस मिलिमीटरपेक्षा जाड टायर घालायला जागाच नाही."

"तेच तर म्हणतेय मी! दादाच्या फ्रेममध्ये अठ्ठावीसचा जायचा. आपल्या खड्ड्यांत बारीक टायर म्हणजे पाठीचं भुसकट. म्हणून वीसेक फ्रेमा पारखून त्याने ती एक निवडली होती. त्याचं जास्तीचं मागचं चाक आहे माझ्या घरी, अठ्ठावीसचा टायर चढवलेलं. ते बसलं तर सायकल माझी. नाही बसलं तर मी यांचे पाय धरून माफी मागेन!"

काकांनी मागच्या चाकाच्या आसावरून अंगठा फिरवला.

"आणा," ते म्हणाले.

"तोवर हे इथून हलता कामा नयेत."

"मी आहे ना."

अर्ध्या तासाने ती चाक खांद्यावर टाकून धापा टाकत परत आली. चष्मेवाला बाकावर बसून काकांबरोबर चहा पीत होता. त्याने तिच्यासाठीही एक कप मागवून ठेवला होता.

"चोराचा चहा मी पीत नाही," तिने तोंडावर सांगितलं. त्याने तो कप बाकाच्या कडेला सरकवून ठेवला.

काकांनी सायकल उलटी केली आणि मागचं चाक काढलं. दादाच्या चाकाचा आस दोन्हीकडच्या लांबट खाचांत ठेवला, तळहाताने थाप मारून पार पुढे सारला आणि नट आवळले. मग चाकाला गती दिली.

खर्र.

टायर पेडलजवळच्या दोन दांड्यांमध्ये अडकला आणि चाक थांबलं.

"परत बसवा," ती म्हणाली. "नीट बसवा."

काकांनी नट सैल केले, पुन्हा तशीच थाप मारली, पुन्हा आवळले. खर्र. मग ते बाजूला झाले. "तुम्हीच फिरवून बघा."

तिने फिरवलं. टायर आणि दांडीच्या मधे नख घालून पाहिलं. नखही जाईना.

"ताई, माणूस खोटं बोलेल," काका हळूच म्हणाले, "लोखंड कशाला बोलेल?"

इतकी खात्री, इतका आरडाओरडा, आणि कोणावर? एका निरपराध माणसावर! ती खरंच पाय धरायला वाकली, तसा चष्मेवाला दचकून मागे सरला.

"अहो, नको नको! होतं असं. जीव असतो एखाद्या वस्तूत."

"चारचौघांत चोर म्हटलं मी तुम्हाला. लाज वाटली पाहिजे मला."

तो चष्मा पुसत राहिला. वर बघेना. भला माणूस, तिला वाटलं. थंडगार झालेला चहा तिने उभ्याउभ्या पिऊन टाकला.

निघताना तिने चाक काकांपुढे ठेवलं. "तुम्हीच ठेवून घ्या. सायकलच नाही, तर याला घरी बघत काय बसू?"

"राहू द्या ताई, आठवण आहे ती."

"नको. कोणाला बसलं तर देऊन टाका."

चार दिवस ती स्वतःलाच शिव्या घालत होती. पाचव्या दिवशी शाळेतून पायी परतताना सिग्नलला तो दिसला. काळी सायकल, एक पाय रस्त्याला टेकलेला. पुन्हा एकदा धड माफी मागावी म्हणून तिने हात वर केला. तेवढ्यात दिवा हिरवा झाला आणि तो तिच्या समोरून निघून गेला.

तिचा हात तसाच वर राहिला. सायकलीला मागे दादाचं चाक होतं, आस खाचांत पार मागे ओढून बसवलेला, आणि ते कुठेही न घासता अगदी अलगद फिरत होतं.