सव्वा महिन्याची सबब

विशालने क्लिनिकला फोन लावायला घेतला, तेवढ्यात धम्मप्रियाने त्याचा हात धरला.

"कॅन्सल करू नकोस. दोनची अपॉइंटमेंट आहे. कार सीट काढून ठेवलीय मी."

"कॅन्सल नाही गं, रीशेड्यूल करतोय. एवढीशी आहे ती! मांडीपर्यंत प्लास्टर म्हणजे काय? जरा अंग धरू दे तिला."

एवढीशी ती पाळण्यात गाढ झोपली होती. जन्मून आठवडा झाला होता. उजवा पाय घोट्यातून आत वळलेला, तळवा दुसऱ्या पायाकडे तोंड करून. बाकी ठणठणीत. रडली की शेजारच्या घरात ऐकू जायचं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं : आणीबाणी नाही, पण थांबण्यात फायदाही नाही. आत्ता पाय मऊ आहे. दर आठवड्याला हाताने थोडा सरळ करायचा आणि तसाच प्लास्टरमध्ये धरून ठेवायचा. पुढे काही वर्षं झोपताना ब्रेस. मुलगी धावेल. धम्मप्रियाला हे शेवटचे दोन शब्द पुरले होते. विशालच्या कानात फक्त पहिले दोन शिरले.

इकडे परदेशात, कनाटा शहरातल्या टेलिकॉम कंपनीत भल्याभल्या बिघाडांना न डगमगणारा हा माणूस, पण लेकीच्या इवल्याशा पायापुढे पार गळपटला होता. घाबरलेल्या बापाला सबब शोधायला लांब जावं लागत नाही. त्याची सबब बाळंतपणासाठी नागपूरहून आली होती आणि स्वयंपाकघरात अळिवाचे लाडू वळत होती.

"शिवाय आई आहे इथे," तो आवाज खाली आणून म्हणाला. "सव्वा महिना व्हायच्या आत बाळ घराबाहेर काढलेलं तिला चालणार नाही. त्यात बाहेर मायनस ट्वेंटी."

"विचारलंस त्यांना?"

"विचारायचं काय त्यात? माझी आई आहे, मला माहितीये." मग उगाचच चिडून तो म्हणाला, "आणि आमच्याकडे असलं कधी कुणाला झालेलंच नाही. तिला मी समजावू तरी काय?"

'आमच्याकडे' हा शब्द धम्मप्रियाला नेमका लागला. म्हणजे हे तिच्याकडून आलं! तिचे डोळे भरून आले. पण हातात उचललेली कार सीट काही तिने खाली ठेवली नाही.

हात पुसत कमलाबाई बाहेर आल्या. त्यांनी कोट चढवला, कानांवरून मफलर गुंडाळला आणि सुनेच्या खांद्यावरची बाळाची पिशवी स्वतःकडे घेतली.

"चल बेटा. उशीर नको."

"आई, अगं, सव्वा महिना..."

"तो बाळंतिणीला आराम मिळावा म्हणून असतो. पाय वाकडा ठेवायसाठी नाही. माझं नाव काहून पुढे करून राहिला तू? गाडी काढ."

"पण इतक्या लहान जिवाला प्लास्टर? थोडं थांबलं तर काय बिघडतं?"

कमलाबाई दारात थांबल्या. पोराच्या मागे नसतं नाव लागू नये म्हणून एक गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. तो कॉलेजात धावण्याची मेडलं आणायचा तेव्हाही नाही. पण सुनेचे डोळे त्यांना बघवेनात.

"हिची नाळ तरी पडली, बाबू," त्या म्हणाल्या. "तुझ्या पायाला प्लास्टर घालायला नेलं होतं ना मी, तेव्हा तुझी पडायची होती."