सुटलेली वायर

सिद्धीने ऑनलाइन मुलाखतीसाठी जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवी रॅम आणि नवी डिस्क बसवून घेतली. काल संध्याकाळी तो तिच्यादेखत सुरळीत चालला होता. आज मुलाखतीला तासभर उरला असताना बटण दाबलं, तर पंखासुद्धा फिरेना. प्लग बदलून झाला, शेवटी तिने कॅबिनेट उघडलं. मदरबोर्डला वीज देणारी जाड वायर बाहेर लोंबकळत होती. खटका दाबून ओढल्याशिवाय ती निघत नाही.

म्हणजे कुणीतरी मुद्दाम काढली होती. खाणीवरचं काम सुटल्यापासून घरी असलेला नवरा, प्रज्योत, तर सकाळी "घाबरू नकोस" म्हणून बाहेर पडला होता. उरल्या सासूबाई. सुनेची नोकरी त्यांना कधीच रुचली नव्हती, आणि आज उजाडल्यापासून त्या झाडू घेऊन याच खोलीभोवती घुटमळत होत्या.

"आई, ही वायर तुम्हीच काढलीत ना?"

पद्मावतीबाईंनी झाडू भिंतीला टेकवला, दार लोटलं आणि आवाज खाली आणला.


"मिया नाय गो बाये, प्रज्योतान काढल्यान, मिया बघलंय. तू ती परत घाल आणि आतून कडी लाव. तो इलो तर भायर मी बसलंय."