शपथेतलं नाव

सोमवार, ३० ऑगस्ट १९९९. सकाळी साडेसहाला शाळेचं दार उघडलं आणि मतदान सुरू झालं. तोवर रांग कॉफीच्या मळ्यापर्यंत गेली होती. लोक भांडी, चटया, मक्याची पोती घेऊनच आले होते. मत दिलं की बंदूकवाले सूड घ्यायच्या आत तडक डोंगर गाठायचा, हे घरोघरी ठरलं होतं.

ओलान्दिना रांगेत पंधरावी होती. पाठीला आठ महिन्यांची नतेर्सिया बांधलेली. कागदावर दोन जागा. वर खूण केली तर पूर्व तिमोर इंडोनेशियात राहणार, खाली केली तर सुटणार. पोर्तुगीज गेले आणि शेजारचा इंडोनेशिया घुसला, त्याला चोवीस वर्षं होत आली होती. तेव्हा ओलान्दिना तीन वर्षांची होती. तिच्या नवऱ्याला एप्रिलमध्ये बंदूकवाल्यांनी नेलं, तो परतला नाही. खूण कुठे करायची याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. भीती होती ती शपथेची.

मे महिन्यात याच मैदानात लाउरेन्तिनोने गाव गोळा केलं होतं. इंडोनेशियाच्या बाजूने लढणाऱ्या टोळीचा तो म्होरक्या. कोंबडा कापून रक्त ताडीत कालवलं आणि सगळ्यांना पाजलं. इंडोनेशियाचा झेंडा सोडणार नाही, सोडला तर सोडणारा जगणार नाही, त्याच्या घरातलं मूलही जगणार नाही, अशी शपथ. मंत्र म्हणायला त्याने माउकोली आजोबांना उभं केलं. ते गावाच्या पवित्र घराचे राखणदार. जुन्या बोलीतले मंत्र गावात त्यांनाच येत. बंदुकांना गाव सरावलं होतं, आजोबांच्या मंत्रांना अजून भीत होतं. लाउरेन्तिनोने हे बरोबर हेरलं होतं. शेवटी त्याने पेल्यात बोट बुडवून नतेर्सियाच्या ओठांना लावलं होतं.

आज तो रस्त्यापलीकडे मोटरसायकलवर बसला होता.

"काय हो, एवढी भांडी? लग्नाला निघालात?"

"हो रे बाबा," मागून म्हातारी दोमिंगास ओरडली. "पण तुला आमंत्रण नाही!"

रांग हसली.

"हसा, हसा. पोटात काय गेलंय ते आठवा फक्त."

हसणं थांबलं.

पहिलं मत आजोबांचं होतं. ते काठी टेकत बाहेर आले, तशी ओलान्दिनाने त्यांची बाही धरली.

"आजोबा, मी वरच खूण करते. माझ्या एकटीचं असतं, तर काय व्हायचं ते होवो म्हटलं असतं. पण हिच्या ओठांना लागलंय ते."

"ताडीने पोरं मरत नाहीत."

"थट्टा नको. ती शपथ खोटी होती का, तेवढं सांगा."

आजोबा चिडले. "मी खोटी शपथ घालीन? साठ वर्षांत घातली नाही. खरी होती."

तिचा हात सुटला.

"ऐक नीट," ते आवाज उतरवून म्हणाले. "नाव घेतल्याशिवाय शपथ कुणाला धरत नाही. कुणाला धरायचं, ते पूर्वजांना सांगावं लागतं. हा गडी किनाऱ्याकडचा. मी कुणाची नावं घेतली, याला काय कळतंय?"

"कुणाची घेतलीत?"

"एकच घेतलं. एक तरी घ्यावंच लागतं."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं असतं, तर त्याने पुन्हा घालायला लावली असती."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. "आणि आत्ता तुम्ही खूण कुठे केलीत?"

"पोरी, मतदान गुप्त असतं."

ओलान्दिना वळली आणि मागच्या बाईच्या कानाला लागली. ती तिच्या मागच्याच्या. बोलणं मळ्यापर्यंत पोचायला दहा मिनिटं लागली. मग दोमिंगासने लाउरेन्तिनोला हाक मारून विचारलं, "काय रे, ताडी संपली का? आज नाही पाजत?"

ओलान्दिनाने खाली खूण केली. दुपारपर्यंत गावात मत द्यायचं कुणी उरलं नाही, आणि घरी परतलेलंही कुणी नव्हतं. आजोबा मात्र डोंगराच्या वाटेला लागेनात.

"चला ना," ओलान्दिना म्हणाली. "हवं तर पाठीवर घेते तुम्हाला. हिला दोमिंगास धरेल."

"शपथ मोडलेल्या माणसाने घरीच बसावं," आजोबा म्हणाले. "तो जागेवर सापडला नाही, तर ती दुसऱ्यांना शोधत फिरते." आणि पवित्र घराच्या पायरीवर जाऊन बसले.

शनिवारी सकाळी नऊ वाजता डोंगरावर एका रेडिओभोवती सगळं गाव जमलं. शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर जणांनी खाली खूण केली होती. आवाज खाली जाऊ नये म्हणून लोक तोंडावर हात दाबून रडले. ओलान्दिनाने नतेर्सियाला दोन्ही हातांनी उंच धरलं. पोर ठणठणीत होती, पाय झाडत होती.

दहाच्या सुमारास गावातून धूर वर आला. एकच, पवित्र घराच्या बाजूने. तो चुलीचा की छपराचा, यावर दुपारपर्यंत डोंगरावर वाद चालू होता.