टाकीकडची बाजू

खेळ संपायला तीन मिनिटं होती, नवजवान क्लब एका गोलनं मागे होता आणि पंचांनी पेनल्टी दिली. परतवाड्याच्या त्या छोट्याशा स्टेडियमच्या पायऱ्यांवरचे सगळे लोक उठून उभे राहिले. "संघपाल! संघपाल!"

बाकावर बसलेला सहदेव उठला नाही. बारा वर्षं नवजवानची पेनल्टी त्यानंच मारली होती. यंदा अध्यक्ष खुशालरावांनी कप्तानी बावीस वर्षांच्या संघपालला दिली, आणि आज अर्ध्या खेळातूनच सहदेवला बाहेर बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा पायऱ्यांवर कोणाची मानही वळली नाही. संघपालला चेंडू अडवायचा कसा इथपासून त्यानंच शिकवलं होतं. ते आता कोणाला आठवणार!

संघपाल धावत बाकाजवळ आला.

"भाऊ, हा अकोल्याचा गोलकीपर कोनीकडे झेपावते? तुमी लय खेळले त्याच्यासंगं."

सहदेवला ठाऊक होतं. तो गोलकीपर नेहमी आपल्या उजव्या हाताला झेपावायचा. या गोलमध्ये म्हणजे पाण्याच्या टाकीकडे. चेंडू मारायचा तो रोडकडे.

मागून पुन्हा तेच नाव घुमलं.

"टाकीकडे मार," सहदेव म्हणाला.

संघपालनं मारला. सणसणीत, जमिनीलगत, टाकीकडे. गोलकीपर तिकडेच झेपावला आणि चेंडू पोटाशी धरून पडून राहिला.

शेवटची शिट्टी झाली. पायऱ्यांवरून आता शिव्या येत होत्या, त्याच नावानं. खुशालराव तरातरा मैदानात आले.

"कोनं सांगतलं होतं तुले तिकडे माराले?"

सहदेवचे हात बुटाच्या नाडीवर थांबले.

"कोनी नाई," संघपाल म्हणाला. "माह्याच मनानं मारला."

"मनानं! सहदेवले काढाले नोतं पायजे, आमचंच चुकलं." खुशालराव सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "पुढच्या मॅचपासून कप्तान सहदेवच."

दोघातिघांनी सहदेवच्या पाठीवर थाप मारली. त्यानं मान खालीच ठेवली.

मैदान रिकामं झालं. संघपाल त्याच्याशेजारी येऊन बसला. गुडघ्यावरची माती नखानं खरवडू लागला.

"भाऊ, आज त्यानं बाजू बदलली, नाई का?"

सहदेवनं त्याच्याकडे पाहिलं. पोराच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसतं विचारणं होतं.

"हो," सहदेव म्हणाला. "बदलली."

"मंग तुमी तरी काय करसान!"

संघपाल उठला. त्यानं स्वतःची बॅग एका खांद्याला अडकवली, सहदेवची दुसऱ्या, आणि फाटकाकडे निघाला. सहदेव रिकाम्या हातांनी त्याच्यामागून चालू लागला.