चार शब्द

चक्रनारायण सर अमरावतीत मराठीचे प्राध्यापक होते. संतसाहित्यावर त्यांचे ग्रंथ होते, पण चर्चच्या मंडळीत त्यांची ओळख वेगळीच होती. कुणी वारलं की दफनविधीला चार शब्द बोलायला सरच उभे राहत, आणि असं बोलत की जन्मभर भांडलेले भाऊसुद्धा डोळे पुसत. पुढेपुढे आजारी माणसं सरांना दारात पाहूनच धसकू लागली.

त्यांची जुनी विद्यार्थिनी मार्था ऑपरेशननंतर अकोल्याच्या दवाखान्यात पडून होती. दुपारी डोळे उघडले, तर पायथ्याशी सर उभे. डॉक्टरांनी घरच्यांना काही वेगळंच सांगितलं की काय?

"सर, खरं सांगा मले," ती चादर घट्ट धरून म्हणाली. "माह्यावर बोलाची तयारी करून राहिले काय तुमी?"

सर स्टुलावर टेकले. धाप ओसरू दिली.

"तुला परवा घरी सोडणार आहेत, मार्था. मी आलो ते वेगळ्याच कामाला."



सर पुढे झुकले. "माझ्या वेळी तू बोलशील का?"